ती कोणत्या पानावर बसते

आमच्या संत्र्याच्या बागेत सध्या दोघीजणी फिरताहेत आणि दोघींचं लुगडं एकाच ताग्यातलं आहे. काळं लुगडं, मागच्या बाजूला पांढरी नक्षी, काठाला लाल बुट्टे आणि खाली सोडलेला छोटासा सोगा. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, रायमुनियाच्या फुलांवर एक येऊन बसते, ती उठते न उठते तोच दुसरी येते, आणि मी हातातलं काम टाकून बघत उभी राहते. आमचे हे लांबून हाक देतात, "पाखरं पाहून झाले असन तं चहा ठेव थोडा." मी चहा ठेवते, पण खिडकीतून बघत बघतच.

पोळा झाला की दरवर्षी हे असं सुरू होतं. तळेगावच्या शिवारात पाऊस अजून पुरता गेलेला नसतो, पण मध्येच असं लख्ख ऊन पडतं की ओल्या काळ्या मातीतून वाफ निघते. सोयाबीनच्या शेंगा भरत आलेल्या असतात, तुरी कमरेला लागतात, तरोटा माजलेला असतो आणि संत्र्याला नवती फुटते. नवती म्हणजे झाडाची कोवळी पालवी. बोटांत धरली तर तिचं अंगच लागत नाही, आणि चुरगळली तर हाताला संध्याकाळपर्यंत वास राहतो. या नवतीसाठी फुलपाखरं येतात, आणि त्यांच्यामागून मला तो एक हंगाम आठवतो. आठवायला बसावं लागत नाही. ओल्या मातीचा आणि संत्र्याच्या पानाचा वास एकत्र नाकात गेला की मी तिथेच असते.

आज सकाळी तर फोनच वाजला. स्वराने फोटो पाठवला होता. स्वरा माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, वर्ध्याला आठवीत शिकते. फोटोत काळे पंख, लाल बुट्टे आणि बाकी सगळं एका पानाआड. खाली दोनच शब्द होते, "मावशी, कोण?"

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे गावात कुणाच्या घरी काही उडालं, सरपटलं, की विचारायला माझ्याकडे येतात, आणि मलाही सांगायची खोड आहे. पण तो फोटो पाहून ब्रह्मदेवालाही काही सांगता आलं नसतं. मी लिहिलं, "अंग दिसून नाई राह्यलं. बसली कोणत्या झाडावर ते सांग."

त्या दोघींचं प्रकरण असं आहे. पुस्तकात एकीला कॉमन रोझ म्हणतात आणि दुसरीला कॉमन मॉरमॉन. नावं साहेबांनी ठेवलेली, राहणी मात्र आपल्याच शिवारातली. पहिली अळी असताना किडामारी खाते. किडामारी म्हणजे शेताच्या कडेला जमिनीवर पसरणारं कडूजहर झुडूप. ढोरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. ते कडू तिच्या अंगात भिनतं ते जन्मभरासाठी. एखाद्या पाखराने तिला चोचीत धरलंच तर ते तिला टाकून देतं आणि पुन्हा लाल बुट्ट्यांच्या वाटेला जात नाही. दुसरी बिचारी संत्र्या-लिंबावर वाढलेली. तिच्यात कडू असं काही नाही. तिचा नर साधाच, काळ्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ. तिच्या घरच्या काही लेकी बापावर जातात, आणि काही थेट त्या कडू शेजारणीचं लुगडं नेसून बाहेर पडतात. पाखरांना वाटतं ही तीच, आणि ती तिला सोडून देतात.

ओळखायचं तर पंखांवर जाऊ नये, अंग बघावं. कडू असते तिचं डोकं आणि पोटाचं टोक कुंकवासारखं लाल असतं. सोंग घेतलेलीचं अंग काळंच राहतं, लुगडं कितीही बदललं तरी. उडता उडता अंगही दिसलं नाही तर घाई करू नये. ती अंडी घालायला कोणत्या पानावर उतरते तिकडे लक्ष ठेवावं. तिथे कुणाचंच सोंग चालत नाही, कारण तिथे प्रश्न लेकराच्या पोटाचा असतो.

सारख्या कपड्यांशी माझं लहानपणापासून वाकडं आहे. आमचं माहेर आंजीचं. बाबा वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायचे आणि आई ते वर्ध्याच्या बाजारात न्यायची. दिवाळीला बाबा एकाच ताग्याचं कापड आणायचे. त्यातून आधी ताईचा फ्रॉक बेतायचा आणि उरलेल्यातून माझा. ताई सुनीता, मी अनिता. नाक एक, रंग एक, केसांचा भोवराही एकाच जागी, आणि मी थोड्याच दिवसांत तिच्या उंचीला पोचलेली. शाळेत गुरुजी ताईच्या खोडीसाठी माझा कान धरायचे. मी म्हणायची, "मी नाई जी, थे ताई होती." गुरुजी म्हणायचे, "गप. फ्रॉक तं हाच होता." त्या गुरुजींनी आयुष्यभर पंखच पाहिले.

आई मात्र चुकत नसे. चुलीकडे तोंड करून बसलेली असली तरी मागून कोण आलं हे ती नावानिशी सांगायची. ती पायांवरून ओळखायची. ताई लहान असताना एकदा उंबरठ्याशी विंचवावर तिचा पाय पडला होता. तेव्हापासून कुठल्याही पायरीवर, कुठल्याही उंबऱ्यावर ती आधी पायाचा अंगठा टेकवते, जरा चाचपते आणि मगच पाऊल ठेवते. मी धाडकन घुसणारी. आई म्हणायची, "एक विचारून येते, अन् एक सांगूनही येत नाई." ताईची ती सवय लग्नानंतरही गेली नाही. सासरी माप ओलांडतानासुद्धा तिने आधी अंगठा टेकवला होता आणि वऱ्हाडी हसले होते.

ताई वर्ध्यात संसाराला लागली, मी इथे बागेत आले. तिला स्वरा झाली. माझ्या घरी पाळणा हलला नाही. त्याबद्दल जेवढं बोलायचं ते आम्ही दोघांनी बोलून घेतलं आणि मग तो विषय माळ्यावर टाकला. हे झाडांत रमले, मी शाळेत.

स्वरा पाच वर्षांची होती तेव्हा ताईच्या छातीत गाठ निघाली. आजाराचं खरं नाव कुणी घेत नसे. सगळे गाठच म्हणायचे, म्हणजे कधीतरी सुटेल असं वाटायचं. ऑपरेशन झालं आणि मग नागपूरच्या दवाखान्यात औषधं चढवायला सुरुवात झाली. अंगात ताकद राहणार नाही, लहान मुलाची सर्दीसुद्धा झेपायची नाही, मुलीला काही दिवस लांब ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याला, भाऊजी स्वराला आमच्याकडे सोडून गेले. तिच्या एका हातात लाकडी बैल होता, दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी. बैलाला तिने उंबऱ्यातून आधी आत घेतलं, मग स्वतः आली.

ताईचा रोज फोन यायचा. नुसता आवाज. व्हिडिओचं नाव काढलं की ती लगेच म्हणायची, "नोको करजो." एकदा स्वरा अंगणात खेळत असताना तिने मला सांगितलं, "अनू, माहे केस गेले व सारे. भुवयाही गेल्या. तोंड सुजून असं झालं का आरशात मलेच मी दिसून नाई राह्यली."

"औषधानं होते तसं. येतीन परत."

"ते येतीन. पण पोट्टी मले ओळखन का नाई?"

"काऊन नाई ओळखन? काईच्या काई बोलतेस."

"काईच्या काई नाई," ती हसत म्हणाली, पण ते हसणं अर्ध्यातच थांबलं. "माहं तोंड तं आता तुह्याजवळ हाये. घरात रोज तुलेच पाहून राह्यली थे. मी असं थोबाड घेऊन येईन, तं पोट्टी तुह्याच पदरात जाऊन लपन. मले बाकी कायचं भ्याव नाई वाटत अनू. मराचंही नाई वाटत. याचं वाटते."

मी तिला काहीबाही सांगून फोन ठेवला. त्यानंतर किती तरी वेळ मी आरशासमोर उभी होते. ताईचा चेहरा तिथे होता, धडधाकट, केसांसकट. मला त्याची लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडी लालूचही वाटली.

शेजारच्या ताराकाकू रोज यायच्या. मनाने लोण्यासारखी बाई. ताईसाठी गिरडच्या टेकडीवर जाऊन नवस बोलून आल्या होत्या. एक दिवस मी स्वराच्या केसांना तेल लावत होते आणि त्या ओट्यावर बसून कौतुकाने म्हणाल्या, "माय मरो अन् मावशी उरो म्हणतात, ते काई खोटं नाई." ही म्हण मावशीची थोरवी सांगायला म्हणतात, मीही हजारदा ऐकली होती. त्या दिवशी पहिल्यांदा मला तिचा आधीचा अर्धा भाग ऐकू आला. ताराकाकूंना त्या दिवशी मी चहा विचारला नाही. त्यांना ते कळलं की नाही देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच दूध घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "माही जीभ मोठी वाह्यात हाये बाई." मग मी दोन कप ठेवले.

भाद्रपदात कपडे वाळत नाहीत. दोरीवर लटकून लटकून त्यांना कुबट वास येतो. एका दुपारी माझा एकही गाऊन कोरडा नव्हता, म्हणून स्वराच्या पिशवीतला ताईचा जुना हिरवा गाऊन मी घातला. ताईने तो का भरून पाठवला होता हे मला ठाऊक होतं. स्वरा तो उशाशी घेऊन झोपायची. त्या वेळी ती आत झोपली होती आणि मी गॅसवर दूध ठेवलं होतं. मागून दोन हात आले, माझ्या पायांना घट्ट बिलगले, आणि झोपेतला आवाज आला, "आई, कवा आली?"

मी हलले नाही. हात गॅसच्या बटणावर होता, दूध वर येत होतं, आणि वळून पाहिलं की हे सगळं संपणार हे मला कळत होतं. त्या नावाने मला आजवर कुणी हाक मारली नव्हती. दूध उतू गेलं. त्या चर्र आवाजाने ती पुरती जागी झाली. तिने वर पाहिलं, हात सोडले आणि मागे सरकली. रडली नाही. नुसतं म्हणाली, "गाऊन आईचा हाये. तू तं मावशी हायेस."

"हो माय," मी म्हणाले, "माहे सारे ओले हायेत." आमच्याकडे लहान पोरीलाही लाडाने माय म्हणतात. दिवसातून दहा वेळा तोंडी असलेला तो शब्द त्या दुपारी मी पुन्हा काढला नाही.

तिचं मन दुसरीकडे वळावं म्हणून मी तिला परसात नेलं. तिथे एक जुनं लिंबाचं झाड आहे. त्याच्याभोवती एक काळी, लाल बुट्ट्यांची घिरट्या घालत होती. मी स्वराला त्या दोघींची सगळी हकीकत सांगितली, कडू कोणती, सोंग घेतलेली कोणती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग ही दुसरीचा फ्रॉक घालून काऊन फिरते? चोरला काय?"

"चोरला नाई. पाखरानं खाऊ नये म्हणून घालते."

"अन् तू आईचा गाऊन घातला. तुले कोण खाते?"

शाळा सुटल्यावरची रिकामी संध्याकाळ, माळ्यावर टाकलेला तो विषय, रात्री-अपरात्री वाजणारा फोन, हे असं पुष्कळ काही मला खायला टपलेलं असायचं. पाच वर्षांच्या पोरीला काय सांगणार. मी म्हणाले, "पंख नोको पाहू, अंग पाह्यजो. समजलं?"

ते तिला एवढं समजलं की दुसऱ्या दिवसापासून ती फुलपाखरांमागे वाकून वाकून त्यांचं पोट बघायला लागली. ताराकाकू नवीन लुगडं नेसून आल्या तर त्यांनाही म्हणाली, "लुगडं बदललं, पण अंग काकूचंच हाये." ताराकाकू दोन दिवस ते घरोघर सांगत होत्या.

मग अळ्यांचे दिवस आले. यांनी त्या वर्षी बागेत नवी कलमं लावली होती आणि त्यांची नवती अळ्या फस्त करत होत्या. आधी ती अळी चिमणीच्या शिटेसारखी दिसते, कुणी ढुंकून पाहत नाही. मग एका दिवसात हिरवीगार होते आणि बोट लावलं की डोक्यातून लाल दोन शिंगं काढते. त्या शिंगांना सडक्या संत्र्याचा वास येतो. स्वराला त्या शिंगांचं भारी वेड. हे फवाऱ्याचा पंप पाठीला लावून निघाले तेव्हा ती बैल घेऊन आडवी उभी राहिली.

"अळ्या पाळाच्या हायेत काय तुले?" यांनी विचारलं.

"हो. शिंगवाल्या."

"माहे कलमं खाऊन राह्यल्या ना थ्या."

"मंग त्यायले लिंबावर ठेव. लिंबू म्हातारा हाये."

पंप खाली ठेवला गेला. त्यानंतर रोज सकाळी आमचे हे कलमांवरच्या अळ्या वेचून आपल्या जेवणाच्या डब्यात घालून परसात आणायचे आणि त्यावर मला म्हणायचे, "तुह्या माहेरच्या लोकायनं मले कामाले लावलं." दुपारी त्याच डब्यात भाकर नेताना मी तो तीनदा घासायची. त्या माणसाच्या तोंडावर तेव्हा जी चमक होती ती मी नंतर कधी पाहिली नाही, आणि पाहिली नाही म्हणून तक्रारही नाही.

एके दिवशी स्वरा रडवेली होऊन आली. तिने बऱ्याच अळ्या लिंबावरून काढून बांधावरच्या किडामारीवर नेऊन ठेवल्या होत्या. त्यांच्या आईच्या फ्रॉकवर लाल बुट्टे होते, आणि लाल बुट्टेवालीची पोरं किडामारी खातात असं मीच सांगितलं होतं. हिशोब बरोबर होता. पण अळ्या काही केल्या खाईनात. काही पानाखाली मलूल होऊन पडल्या होत्या, काही खाली उतरून वाट शोधत निघाल्या होत्या. आम्ही दोघींनी एक एक शोधून त्यांना पुन्हा लिंबावर आणलं. कोवळं पान मिळताच त्या खायला लागल्या, कडेपासून, कातरीने कापावं तशा.

"आई कशी दिसते त्यावर पान नाई ठरत," मी म्हणाले. "आतून कोण हाये त्यावर ठरते."

ती अळ्यांकडे बघत होती. बघता बघता म्हणाली, "अंडं देऊन आई कोठी जाते?"

"उडून जाते."

"मंग पाहाले येते?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. लिंबाच्या पानांवरून पाणी ठिबकत होतं आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, "थे नाई येत. पण जायच्या आधी पान पारखून घेते. पाय टेकवून टेकवून पाहते. फुलपाखराले पायानं चव समजते. हे पान चालन, हे नाई चालन, असं पायानं पाहून मंगच लेकराले ठेवते. चुकीच्या पानावर कधीच नाई ठेवत."

"आई बी पायानं पाहते," स्वरा म्हणाली.

मला आधी कळलंच नाही ती कुणाबद्दल बोलते आहे. मग उंबऱ्यावर टेकलेला तो अंगठा आठवला. स्वराने थोडा विचार केला आणि विचारलं, "मंग माहं पान कोणतं?"

"तूच सांग," मी म्हणाले. तेवढ्यात एका अळीने शिंगं काढली आणि ती तिकडे धावली. तिचं उत्तर त्या दिवशी राहून गेलं.

त्याच दिवसांत ताराकाकूंच्या अंगणात भुलाबाई बसली होती. संध्याकाळी पोरी जमायच्या, गाणी म्हणायच्या आणि शेवटी खाऊ ओळखायचा खेळ व्हायचा. झाकण लावलेला डबा हलवून बघायचा, आवाजावरून सांगायचं आत काय आहे. मोठ्या पोरी भराभर नावं घ्यायच्या, फुटाणे, लाह्या, शेंगदाणे. स्वरा डब्याला कान लावून गप्प राहायची आणि सगळ्यांचं चुकून झालं की हळूच सांगायची. बहुतेक वेळा बरोबर असायचं. मी दाराशी उभी राहून बघायची आणि ताईचं ते वाक्य मनात घोळत राहायचं, ओळखन का नाई. हिला डबा न उघडता आतला खाऊ ओळखता येतो, असं ताईला सांगावंसं वाटायचं. पण तेव्हा तिच्या तोंडात फोड आले होते. शेवटी शेवटी फोनवर आवाजही येईनासा झाला होता. भाऊजीच बोलायचे.

हे लिहितेय तोवर स्वराचं उत्तर आलं आहे. "लिंबावर बसली." मी लिहिलं, मग तुला माहीतच आहे की कोण. तिने लिहिलं, "हो. पण आई म्हणे, मावशीले विचार. तिले बरं वाटते." खाली दोघींचा फोटो आहे. ताईचे केस आले ते कुरळे आणि पांढरे आले, अंगानेही ती भरली. मी काळे करते आणि बारीकच राहिले. आता आम्हाला बाजारात कुणी चुकून एकमेकींच्या नावाने हाक मारत नाही. कधी कधी मला त्याची चुटपुट लागते.

त्या वर्षी कोजागिरीच्या दुपारी नागपूरहून गाडी आली. हायवे सोडून बागेच्या कच्च्या रस्त्याला ती लागली तशी मी पडवीच्या पायरीवर बसले. स्वरा माझ्या पाठीशी उभी होती, माझा पदर मुठीत धरून. डॉक्टरांनी भेटायला परवानगी दिली होती. यांनी सकाळपासून अंगण दोनदा झाडलं होतं.

ताई उतरली. मी तिची सख्खी बहीण, पण मलाही ती ओळखू आली नाही. डोक्याला गच्च रुमाल, भुवया नाहीत, पापण्या नाहीत, तोंड सुजून काळवंडलेलं. आमच्यातलं सारखं असं त्या चेहऱ्यात काही उरलं नव्हतं. पाठीमागे पदर आवळला गेला आणि स्वरा माझ्या आडोशाला पूर्ण लपली. ताईला जे भ्याव होतं ते तिच्या डोळ्यांदेखत घडत होतं, आणि त्यात मी भिंत होऊन मधे बसले होते.

"अवं पाह्य ना माय, कोण आलं," ताराकाकू म्हणाल्या.

"जा बेटा, आई हाये," भाऊजी म्हणाले.

"नोका म्हणू तिले," ताई म्हणाली. आवाज घोगरा, तोही ओळखीचा नव्हता. "आपल्या मनानं येईन. नाई तं नाई येईन."

यांनी खुर्ची पुढे केली. ताईने खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ती पायरीकडे यायला लागली. चालताना झोक जात होता. पायरीशी आल्यावर तिने चप्पल काढली. उजव्या पायाचा अंगठा फरशीला टेकवला, जरा चाचपलं आणि मगच पाऊल ठेवलं. माझ्या काखेखालून डोकावणाऱ्या स्वराची मूठ सैल झाली.

ताई माझ्याशेजारी बसली. प्रवासाने ती इतकी थकली होती की तशीच वाकली आणि तिने माझ्या मांडीवर डोकं टाकलं. रुमाल सरकला. तिचं उघडं डोकं तान्ह्या मुलाच्या टाळूसारखं मऊ होतं. मी त्यावर हात ठेवला आणि मला भडभडून आलं.

स्वरा मागून पुढे आली. ताईच्या चेहऱ्याकडे तिने पाहिलंच नाही. वाकून आधी तिचे पाय पाहिले, मग माझ्या मांडीकडे पाहिलं. मग माझ्या कानाशी तोंड आणून, जणू ताराकाकूंचा डबा ओळखला असावा अशी हळूच म्हणाली, "मावशी, आईच हाये थे."

"कशावरून व?"

"पायानं पाह्यलं तिनं. मंग आपल्या पानावर बसली."

ताईने डोळे मिटलेले होते, पण मिटल्या डोळ्यांतून पाणी माझ्या लुगड्यात झिरपत होतं. स्वराने लाकडी बैल पायरीवर ठेवला, उरलेल्या मांडीवर सरकून जागा केली आणि ताईच्या डोक्याला डोकं लावून पडली. आत हे ताराकाकूंना विचारत होते, चहा किती जणांचा ठेवू. थोड्या वेळाने माझ्या पायाला मुंग्या आल्या, मग पाय पुरता बधिर झाला. मी हलले नाही.